पाटावरची सुपारी

समुद्रपुरात मी एकोणीसशे सत्तर साली मास्तरीण म्हणून आले आणि सत्त्याऐंशीत बदली होऊन गेले. या सतरा वर्षांत गावातल्या निम्म्या पोरांना मी बाराखडी शिकवली, उरलेल्यांचे कान पिरगाळले. तरी आज कोणी विचारलं, बाई, तुम्हाला समुद्रपूरचं कोण आठवतं, तर तोंडी पहिलं नाव नलूचं येतं. ती माझी विद्यार्थिनी नव्हती, नात्यातली नव्हती. दोन वर्षं माझी भाडेकरू होती आणि मी तिला घराबाहेर काढलं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी इतरांबद्दल चार कडू शब्द बोलणार आहे, ते वाचताना मला कोणी साळसूद समजू नये.

नलू मूळची केळझरची. बाप तानबा खाऊनपिऊन सुखी शेतकरी. एकाहत्तर साली, एकोणिसाव्या वर्षी, तिला दिवस गेले. ज्याच्यापासून गेले तो त्याच गावातला, चांगल्या घरचा. त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न दुसरीशी वाजतगाजत झालं आणि तानबा त्या लग्नात पंगतीला बसून आला. नलूनं मला हे सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अगं, बापाच्या घशाखाली घास तरी कसा उतरला?"

ती म्हणाली, "नाई जेवला असता तं लोकायनं विचारलं असतं, काऊन नाई जेवला."

तानबानं तिला एस.टी.त बसवून समुद्रपूरला मावशीकडे पाठवलं. मावशी, यशोदाबाई, विधवा होती आणि हिरालालशेटच्या जिनात मजुरीला जायची. तिच्या खोपटात बहात्तरच्या जानेवारीत नलूला मुलगी झाली. नाव ठेवलं पंचफुला. बारशाला मावशी, सुईण आणि शेजारची एक म्हातारी, एवढीच माणसं होती. मावशी पुढे दोन वर्षांत गेली आणि खोपटाची जागा तिच्या दिरानं घेतली. तिथून नलूचं बिऱ्हाड पाठीवर आलं.

जिन म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगते. वेचून आणलेल्या कापसातली सरकी वेगळी काढून रुई मोकळी करायचा तो कारखाना. हिरालालशेटच्या जिनात मशिनींच्या दोन रांगा होत्या, बारा-बारांच्या. प्रत्येक मशिनीत चामड्याचा एक रूळ फिरतो आणि त्याला एक पोलादी सुरी टेकलेली असते. रूळ कापूस ओढतो, सुरी सरकी अडवते. सुरी जरा जास्त दाबली गेली की सरकी फुटते, चामडं जळतं. जरा सैल राहिली की सरकी रुईबरोबर पलीकडे जाते. हे अंतर राखणारा माणूस म्हणजे मिस्त्री. कापूस टाकायला बाया, रुई उचलायला बाया, झाडायला बाया. पाना मात्र पुरुषाच्या हातात. बाईनं मशिनीला पाना लावायचा नाही, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची कधी वेळच आली नव्हती.

नलू सात नंबरच्या मशिनीवर कापूस टाकायची. पंचफुला मागे कापसाच्या ढिगावर झोपलेली असायची. त्या धडधडाटात ती पोर जशी झोपायची तशी पुढे घरात कधी झोपली नाही, असं नलू म्हणायची.

मिस्त्री होता नत्थूजी, नाचणगावचा. तीस वर्षं जिनात काढलेला, तोंडानं फटकळ. त्याचं एक गुपित होतं, आणि ते नलूला चौऱ्याहत्तरच्या हंगामात कळलं. एक दिवस तिनं त्याला थांबवून सांगितलं, "मिस्त्री, हे मशीन कण्हून राह्यलं." नत्थूजीनं मान हलवली आणि पुढे गेला. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली. तो पुन्हा मान हलवून गेला. तिसऱ्यांदा तिनं त्याच्या समोर उभं राहून हातवारे करून सांगितलं, तेव्हा तो तिला कोपऱ्यात घेऊन गेला आणि म्हणाला, "बाई व, मले आयकू येत नाई. शेटले सांगजो नोको."

मशिनीच्या आवाजानं त्याचे कान गेले होते. आणि मिस्त्रीचं सगळं काम कानावर. पेचकसाचं एक टोक मशिनीवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आत काय दुखतंय ते ऐकायचं. नत्थूजी तीन वर्षं ते नुसतं नाटक करत होता. त्या दिवसापासून तो पेचकस नलूच्या कानाला लागला. ती ऐकायची, खुणेनं सांगायची. तो सुरी बसवायचा. मग हळूहळू ती ऐकायचीही आणि सुरीही तीच बसवायची. तो बाजूला उभा राहून बायांवर खेकसायचा, म्हणजे शेटजींना वाटावं, मिस्त्री कामात आहे.

मला विचाराल तर नत्थूजीला काही बाईमाणसाचा कळवळा आला नव्हता. त्याला कान हवे होते, ते तिच्याकडे होते. पण शिकवताना त्यानं हातचं राखलं नाही, हेही खरं. चामडं कसं चढवायचं, रुळाला खाचा कशा पाडायच्या, ओल्या कापसाला सुरी किती ढिली ठेवायची, सगळं तिच्या हातात उतरवलं. पाच वर्षांत त्या चोवीस मशिनींची नाडी नलूला कळू लागली. हजेरीच्या पुस्तकात मात्र ती होती तिथेच होती, कापूस टाकणारी.

आता तिच्या खोल्यांचं सांगते, कारण तिची खरी गोष्ट तीच आहे. मावशीच्या खोपटातून निघाल्यावर दोन वर्षांत तिनं चार खोल्या बदलल्या. एका मालकाचा भाऊ राहायला येणार होता, तो कधी आला नाही. एकाची भिंत पडणार होती, ती अजून उभी आहे. एकीनं सांगितलं, आमच्याकडे नागोबा निघतो, लेकराचं बरं नाही. चौथ्यानं काही सांगितलं नाही, कुलूप बदललं. खरं कारण तिच्या तोंडावर कोणी बोललं नाही. गळ्यात मंगळसूत्राची पोत नाही, कडेवर पोर आहे, एवढं आमच्या गावाला पुरत होतं.

जिनाच्या फाटकाशी मिस्त्रीची खोली होती. दोन दालनं, वर टिनाचं छप्पर, दारात स्वतःचा नळ, आणि दाराला आतून लोखंडी कडी. जो मिस्त्री, त्याची खोली. हंगाम असो नसो, तिथून त्याला कोणी हलवत नसे. नत्थूजीची बायको कधी नलूला ताक द्यायला आत बोलवायची. नलू ताक प्यायची आणि त्या कडीकडे पाहायची. हे तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना हसली.

शहात्तर साली ती माझ्याकडे आली. आमच्या घरामागे एक खोली रिकामी होती. माझे यजमान पंचायत समितीत कारकून, सासूबाई घरात, आणि मी नुकतीच कुठेकुठे भाषणं ऐकून सुधारलेली. मी खोली दिली. पुढच्या वर्षी पंचफुलाला शाळेत घातलं तेव्हा बापाच्या नावाच्या रकान्यावरून हेडमास्तर अडून बसले. मी भांडले, आईचं नाव लिहून घेतलं आणि घरी येताना स्वतःवर इतकी खूश झाले की वाटेत पाव किलो जिलबी घेतली. थोडी नलूला दिली. तिनं ती पोरीला दिली.

अठ्ठ्याहत्तरच्या मार्गशीर्षात माझ्या नणंदेला पाहायला पाहुणे येणार होते. सासूबाई म्हणाल्या, "मागच्या खोलीत कोन राह्यते म्हनून विचारलं तं काय सांगशीन?" मी म्हटलं, खरं सांगेन. त्या म्हणाल्या, "मंग तुह्या नंदीचं लग्न तूच लावून देजो." यजमान पेपरात तोंड घालून बसले. तिसऱ्या दिवशी मागच्या दारी गेले आणि नलूला म्हटलं, "अगं, खोली रंगवायची आहे. महिनाभर दुसरीकडे पाहशील का?"

नलू चुलीपुढे बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. चार घरमालकांची कारणं ऐकलेली बाई ती, तिला काय कळायचं राहिलं होतं? तिनं एवढंच विचारलं, "कोनता रंग देता, मास्तरीणबाई?"

मी म्हटलं, "हिरवा."

"चांगला दिसन," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येते तो खोली झाडून, सारवून रिकामी. आपलं खोटं निदान खोटं तरी राहू नये म्हणून मी खरंच माणूस बोलावून खोली हिरवी रंगवून घेतली. नणंदेचं लग्न त्या स्थळाशी जुळलं नाही ते नाहीच. त्या हिरव्या खोलीत पुढे आम्ही गोवऱ्या ठेवल्या.

एकोणऐंशीत नत्थूजीची नजरही अधू झाली आणि तो नाचणगावला मुलाकडे निघाला. जाण्याआधी त्यानं शेटजींना सगळं कबूल केलं. "पाच वर्षं झाले, जिन हेच पाहून राह्यली. मी नुस्ता उभा राह्यलो. मिस्त्री हिले करा," म्हणाला.

हिरालालशेट माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. धंद्याला चोख, गायीला घास घातल्याशिवाय न जेवणारा. त्यानं नलूला गादीशी बोलावलं. "नलू, काम में तू नंबर एक, मले माहीत हाय. पण पाडव्याची पूजा कोन करन?"

अडचण खरी होती. म्हणजे त्याच्या लेखी खरी होती. दिवाळीच्या पाडव्याला हंगामाचा मुहूर्त व्हायचा. पहिल्या नंबरच्या मशिनीपुढे पाट मांडायचे, मिस्त्रीनं बायकोसह पूजेला बसायचं, मशिनीला कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, आणि सुपातला मुहूर्ताचा कापूस मशिनीत पहिला टाकायचा. शेटजींच्या बापाच्या वेळेपासूनची रीत. पूजा जोडप्याचीच लागते. आणि नलूचा जोडा कुठून आणायचा?

"पूजेले तुमी बसा, शेटजी," नलू म्हणाली. "मले मिस्त्री म्हना नका म्हनू. फक्त थे खोली द्या. मले कोनी सामान उचल म्हनू नये, एवढंच."

"जो मिस्त्री, त्याची खोली," शेटजी म्हणाले. "अन् जो पूजेले बसन, थो मिस्त्री. रीत मोडली अन् जिनाले काही झालं तं?"

म्हणून हिंगणघाटहून बापूराव आला. जाड मिशा, खाकी पँट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बायको लीलाबाई चांगली गोरीगोमटी, नऊवारीत पाटावर शोभून दिसायची. बापूराव एका तेलाच्या गिरणीत होता. कापसाच्या मशिनीची सुरी त्यानं आधी पाहिली होती की नाही, देव जाणे. पूजा मात्र तो झकास करायचा. पूजा झाली की तो खोलीत जाऊन झोपायचा आणि नलू पाना घ्यायची. तिला आता 'हेल्पर' म्हणू लागले. नाव इंग्रजी, म्हणजे बढती झाली असं समजायचं.

अशी पाच वर्षं गेली. लिहायला एक ओळ लागते. जगायला काय लागतं ते मी लांबून पाहिलं. पहाटे उठून भाकरी टाकायची, पोरीची वेणी घालायची, अंधार असताना जिनात जायचं. उन्हाळ्यात सगळी मशिनं खोलून चामडी बदलायची. रुईच्या धुळीनं तिला खोकला धरला, तो पावसाळ्यातही सुटेना. तिशी ओलांडली नाही तोच ती चाळिशीची दिसू लागली. आणि एक दिवस बाजारात मी तिला मागून तीनदा हाक मारली, तर तिनं वळून पाहिलं नाही. मला वाटलं, राग धरला आहे, आणि धरावाच. पंचफुलानं तिचा पदर ओढला तेव्हा ती वळली. "डावा कान गेला, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "उजव्याचं काही दिवस भागन."

तेव्हा ती नवव्या का दहाव्या खोलीत राहत होती, नदीकडच्या अंगाला. मी मोजणं सोडलं होतं. तिनंही सोडलं असावं. पेटीतलं सामान ती आता पेटीबाहेर काढतच नसे.

चौऱ्याऐंशीचा पाडवा आला. मुहूर्ताला शेटजी गावातल्या सगळ्यांना बोलवत. आम्ही शिक्षकही प्रसादाला गेलो होतो. पूजेची मांडणी झाली आणि निरोप आला, लीलाबाईची अडचण आली, ती बसू शकत नाही. शेटजी चिंतेत पडले. पण भटजींना ठाऊक असलेली सोय तुम्हालाही ठाऊक असेल. बायको हजर नसली की तिच्या जागी सुपारी मांडतात. बापूरावाच्या डाव्या हाताच्या पाटावर तांदळाची चिमूटभर रास केली, वर सुपारी ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं. झाला जोडा. पूजा सुरू.

नलू त्या वेळी लांब, मोटारीच्या खोलीच्या दारात उभी होती. पूजेपाशी तिनं यायचं नाही, असं ठरलेलंच होतं. शेटजींनी हात वर केला की तिनं मोटारीचा खटका ओढायचा आणि सगळ्या मशिनी फिरवायच्या, एवढं तिचं काम. मी तिच्याकडे पाहिलं. ती त्या सुपारीकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. उन्हात बसस्टँडवर भरलेली गाडी न थांबता जाते, तेव्हा माणसं जशी पाहतात तशी ती पाहत होती.

आरती झाली. शेटजींचा हात वर गेला, पट्टे फिरू लागले. बापूरावानं सुपातला कापूस घेतला. भक्ती जरा जास्तच उतू गेली म्हणा, किंवा प्रसादाकडे लक्ष होतं म्हणा, त्यानं दोन्ही पाटांवरची फुलं, अक्षता, जे हाताला लागलं ते सगळं त्या कापसावर घातलं आणि अख्खं सूप मशिनीत रिकामं केलं. मिस्त्री असता तर मशिनीत कापसाशिवाय तांदळाचा दाणासुद्धा जाऊ दिला नसता.

आम्ही टाळ्या वाजवत होतो. नलूला ऐकू काय येणार? पण तिचा हात दाराच्या चौकटीवर होता आणि चौकट नेहमीसारखी थरथरेना. ती ओरडली, "बापूराव, काहाडा थे! काहाडा!" बापूराव हात जोडून उभा. तिनं खटका पाडला. मोटार थांबली, पण जड पट्टे फिरता फिरता थांबायला वेळ घेतात. तेवढ्यात चामड्याचा करपट वास आला, मशिनीच्या तोंडाशी धूर निघाला आणि रुईला जाळ लागला.

रुईचा जाळ कसा पळतो ते पाहिलं नसेल तर पाहू नका. आम्ही सगळे फाटकाकडे पळालो. मीही पळाले, लपवत नाही. नलू उलटी आत आली. तिनं वाळूची बादली ओतली आणि जळती रुई उजव्या हातानं ओढून बाहेर टाकली, पायानं तुडवली, पुन्हा ओढली. दुसरी बादली आली तोवर मशीन काळं पडलं होतं, पण जाळ शेजारच्या मशिनीपर्यंत पोचला नाही. मागे छतापर्यंत कापूस रचलेला होता.

धूर निवल्यावर बापूराव पहिलं काय बोलला असेल? "थे बाई दारात उभी होती, शेटजी. मुहूर्ताले तिची नजर पडली." आणि माणसांनी माना हलवल्या. ज्यांचं गाव त्या बाईनं नुकतंच जळण्यापासून वाचवलं होतं, त्यांनी. मला तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी पंचफुलाला घेऊन नलूबरोबर दवाखान्यात गेले, एवढंच केलं.

दुसऱ्या दिवशीचं मी पाहिलेलं नाही. शेटजींनी मागे एकदा स्वतः सांगितलं. हाताला पट्टी बांधलेली नलू सकाळीच गादीपुढे आली. तिनं डाव्या हातानं मशीन खोललं होतं. मूठ उघडून तिनं एक वस्तू गादीवर ठेवली. अर्धी जळलेली, सुरीनं चिरलेली सुपारी.

"सुरीत अटकली होती," ती म्हणाली. "शेटजी, हे तुमाले पूजेले चालते. मी नाई चालत."

शेटजी म्हणाले, "मास्टरनीजी, उस दिन मेरे गले से रोटी नहीं उतरी." उतरली नसेल. तरी तो हंगाम बापूरावच मिस्त्री राहिला. माणसाला चूक कळायला एक दिवस लागतो आणि वळायला एक वर्ष. गावात मात्र पोरं त्याला 'सुपारीचा नवरा' म्हणून चिडवू लागली, आणि लीलाबाईला बाजारात बाया विचारू लागल्या, की तुमी कोन्त्या, पयल्या का दुसऱ्या? होळीच्या आधी त्यानं बिऱ्हाड हलवलं. उन्हाळ्यात शेटजींनी दोन मिस्त्री पाहिले. एकाची बायको समुद्रपुरात राहायला तयार नव्हती. दुसरा जोड्यानं आला, जिनात हिंडला आणि नऊ नंबरचं मशीन गरम का होतं, ते नलूलाच विचारू लागला.

पंच्याऐंशीच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी शेटजींनी नलूला निरोप धाडला. पूजेला तूच बस.

ती आली. नवं लुगडं नव्हतं, धुतलेलं होतं. मागून पंचफुला सामानाची पेटी घेऊन आली. आम्ही सगळे पुन्हा प्रसादाला जमलेलो, या खेपेला जरा फाटकाजवळ. एकच पाट मांडला होता. ती त्यावर बसली नाही. शेटजींपुढे हात पसरून उभी राहिली. त्या तळव्यावर जाळाचे पांढरे वण होते.

"आगोदर किल्ली," ती म्हणाली. "पूजा मंग."

शेटजींनी मुनीमजीकडे पाहिलं, मुनीमजीनं खिशातून खोलीची किल्ली काढली. नलूनं ती पंचफुलाला दिली. "जाय, पेटी ठिवून ये. आतून कडी लागते का पाहाजो." चौदाव्या वर्षाला टेकलेली ती पोर सगळ्या गावादेखत पेटी उचलून खोलीत गेली. आम्ही सगळे थांबलो. मुहूर्त टळतोय म्हणून भटजी चुळबुळत होते. कडी सरकल्याचा आवाज फाटकापर्यंत आला. नलूला तो ऐकू गेला नसणार. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि मग ती पाटावर बसली.

भटजी तरी भटजीच. डाव्या हाताला तांदळाची रास करून त्यांनी सुपारी काढली. नलूनं त्यांचा हात धरला. "नोको, महाराज. मांगच्या वर्षी हिनं काय केलं थे पाह्यलं ना?" पहिल्यांदा शेटजी हसले, मग सगळे. सुपारी परत पिशवीत गेली. रिकामी रास तशीच राहिली, आणि पूजा झाली. त्या हंगामात जिनाला काही झालं नाही. हजेरीच्या पुस्तकात तिच्या नावापुढे मिस्त्री लिहिलं गेलं. तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती, तिला खोकला होता आणि तिचा उजवा कानही जायला आला होता. पंचफुला शाळा सुटली की पेचकस कानाला लावून तिला खुणेनं सांगायची. ते बघून मला बरं वाटायचं की वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

सत्त्याऐंशीत माझी बदली झाली. निघण्याआधी तिच्याकडे गेले. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. तिच्या दारात उभी राहून वाट पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ. आत ती असल्याचं दाराच्या फटीतून दिसत होतं, पण तिला ऐकू येत नव्हतं. शेवटी कडी खळखळली, पंचफुलानं दार उघडलं.

आत सगळं सामान पेटीबाहेर मांडलेलं होतं. फळीवर डबे, खुंटीला लुगडी, कोनाड्यात गणपती. पेटी पालथी घालून तिच्यावर पोरीची पुस्तकं ठेवली होती. भिंती मात्र काळ्या. नत्थूजीच्या काळापासूनचा धूर, वर जिनाचं तेल. नलूनं चहा टाकला. नऊ वर्षं माफीचा एक शब्द मनात होता आणि तो कसा काढायचा ते कळत नव्हतं. मग मी नको तेच बोलले. मोठ्यानं, तिला ऐकू यावं म्हणून.

"नलू, भिंती किती काळ्या झाल्यात गं. रंगवून का घेत नाहीस? मी माणूस पाठवते."

तिनं कपबशी माझ्या हातात दिली. आवाजात टोचणी नव्हती, तेच माझ्या जिवाला लागलं.

"नाई, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "रंगवाचं म्हनलं का खोली खाली करा लागते."